वर्षाला पाच-सहा चित्रं

वासुदेव गायतोंडे वर्षाला पाच-सहा कॅनव्हास पूर्ण करत. त्याहून जास्त क्वचितच. लग्न केलेलं नाही, समारंभांची आवड नाही, गटातटांत मन रमत नाही. दिवसच्या दिवस मोकळे. तरीही चित्रं पाच-सहाच. मग उरलेल्या दिवसांत चित्र कुठे असायचं?

या प्रश्नाने मला पुष्कळ काळ धरून ठेवलं आहे. चित्रकाराला ‘सुचतं’, असं आपण सहज म्हणून जातो आणि डोळ्यांसमोर उभं राहतं ते एक झपाटलेपण: आतून काहीतरी उसळलं आणि हात धावत सुटला. गायतोंड्यांचे मित्र आणि समीक्षक त्यांच्या कामाबद्दल जे सांगत आले आहेत, त्यातून वेगळंच काही दिसतं. प्रत्यक्ष रंग लावण्याचं काम थोडक्यात व्हायचं. त्याच्या आधीचं बसणं, बघणं, न करणं मात्र फार लांबायचं. त्याहून अचंब्याची गोष्ट पुढे आहे. हात चालू लागला की हा माणूस आपल्या हातातली सत्ता थोडी सोडून द्यायचा. चित्रात असं काही घडावं, जे आपण ठरवलेलं नाही, याची तो जाणूनबुजून व्यवस्था करायचा.

चरित्र थोडक्यात. जन्म 1924चा, नागपूरचा, घराणं गोव्याचं, लहानपण गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका 1948 साली. त्यानंतर प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपशी संबंध आला, 1957 मध्ये टोकियोला तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळालं, 1964 मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क झालं, 1971 मध्ये पद्मश्री. 1972 मध्ये मुंबई सोडून ते दिल्लीला गेले आणि निजामुद्दीनमधल्या एका लहानशा बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, राहू लागले. 2001 मध्ये गेले. पुढे 2013 साली त्यांचं एक चित्र मुंबईतल्या लिलावात सुमारे 23 कोटी 70 लाखांना विकलं गेलं, आणि अनेकांच्या कानावर त्यांचं नाव तेव्हाच पहिल्यांदा पडलं. मला त्याची खंत वाटते. त्या आकड्याहून कितीतरी नवलाची गोष्ट त्या कॅनव्हासच्या पृष्ठभागावर चालू आहे.

ते नवल समजून घ्यायला डोळ्यापासून सुरुवात करावी लागते.

चाळीसच्या दशकाच्या शेवटी गायतोंडे लघुचित्रांकडे वळले होते. त्या काळात जे. जे. मध्ये जगन्नाथ अहिवासी भारतीय शैली शिकवत. बसोली, पहाडी, जैन पोथ्यांतली चित्रं ही त्या वातावरणातली रोजची ओळख. बसोलीचं चित्र ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ते रंग आठवतील: मागे सपाट पिवळा, त्यावर तांबडा, मध्येच जणू कापून ठेवलेला निळा. गायतोंडे त्या रंगांनी भारून गेले. पुढे त्यांनी सांगितलेली हकिगत मोठी मोलाची आहे. ते त्या चित्रांतल्या आकृती एकेक करून काढून टाकू लागले. राधा नको, कृष्ण नको, झाड नको, महाल नको. उरलं काय, तर किती पिवळ्याशेजारी किती लाल, कुठे दाट, कुठे विरळ. रंगांचं निव्वळ प्रमाण. कथा काढून घेतल्यावरही चित्र उभं राहतंय का, हे ते तपासत होते.

हा अभ्यास होता, आणि तो वर्षानुवर्षं चालला. पॉल क्ले यांच्या चित्रांचा अभ्यासही त्यात मिसळला. इथेच ‘अंतःप्रेरणा’ नावाच्या गूढ गोष्टीचं एक टोक हाती लागतं. हे कोडं सोडवायला मदत झाली ती बुद्धिबळाच्या पटाची. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांच्या कामाचा धागा पुढे नेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी 1973 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातली मांडणी जेमतेम पाच सेकंद दाखवायची, पट झाकायचा आणि आठवणीने सोंगट्या मांडायला सांगायचं. मुरलेला खेळाडू नवशिक्याच्या कितीतरी पुढे निघून जाई. मग त्याच सोंगट्या पटावर कशाही विखरून मांडल्या. तसं करताच त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा वेगळी नव्हती. त्याला सोंगट्या सुट्या दिसतच नव्हत्या. त्याला डावांचे तुकडे दिसत होते, हजारो डावांतून ओळखीचे झालेले. सायमन यांचं म्हणणं असं की अंतःप्रेरणा म्हणजे ही ओळखच. उत्तर झटकन येतं, कारण ओळखीला विचारासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी वाट चालावी लागत नाही. कसं आलं हे सांगता येत नाही, तेही त्याचमुळे.

चित्रकाराला मात्र याच्याही पुढे जावं लागतं. बुद्धिबळात डाव समोर मांडलेला असतो. कोऱ्या कॅनव्हाससमोर ओळखायचं काय?

शिकागोच्या कलाशाळेत जेकब गेट्झल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी केलेला अभ्यास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. 31 विद्यार्थी. टेबलावर 27 वस्तू. त्यांतल्या हव्या त्या उचला, दुसऱ्या टेबलावर हव्या तशा मांडा आणि चित्र काढा, एवढंच सांगितलेलं. संशोधक बघत होते ते चित्र सुरू होण्याआधीचा काळ. काहींनी दोन-चार वस्तू उचलल्या, मांडल्या आणि लगेच रेखाटायला घेतलं. काही जण वस्तू उचलत राहिले, फिरवून बघत राहिले, मांडून मोडत राहिले. चित्र सुरू केल्यावरही त्यांनी रचना बदलली. जाणकार परीक्षकांना हे चित्रकार कोणते याचा पत्ता नव्हता. त्यांनी ज्या चित्रांना मौलिकतेबद्दल वरचे गुण दिले, ती बहुतांशी या दुसऱ्या गटाची निघाली. काही वर्षांनी पाहिलं तर चित्रकार म्हणून टिकून राहण्यातही तेच पुढे होते. 1976 मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपाने आला. त्याचं मर्म असं की चांगल्या चित्रकाराचा वेळ उत्तर काढण्यात जितका जातो, त्याहून जास्त प्रश्न शोधण्यात जातो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र तो रिकामा बसलेला दिसतो.

वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंड्यांचा स्टुडिओ होता, तेव्हाची वर्षं अशीच असणार. तो बंगला म्हणजे पन्नास-साठच्या दशकातल्या मुंबईचं केवढं वैभव! हुसेन तिथे काम करत, रविशंकरांचं संगीत तिथे, अल्काझींचं नाटक तिथे, नसरीन मोहम्मदी तिथे. समोर अरबी समुद्र. गायतोंडे समुद्राकडे बघत बसत, असं त्या काळाबद्दल लिहिणारे सांगतात. याच सुमारास झेन विचाराकडे त्यांचा ओढा वाढला. रमण महर्षी, जे. कृष्णमूर्ती, आणि गिरगावाजवळच खेतवाडीत मराठीतून निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज, हे त्यांच्या चिंतनाचे सोबती झाले. त्यांची चित्रं म्हणजे या विचारांचं भाषांतर आहे, असं मी मुळीच मानत नाही. चित्राने कुठल्या तत्त्वज्ञानाची पालखी वाहावी अशी त्यांची वृत्ती नव्हती. पण न करता थांबण्याचं धैर्य त्यांना तिथून मिळालं असेल, हे मला पटतं. थांबणं सोपं नसतं. हातात ब्रश असलेल्या माणसाला तर अजिबात नसतं.

आता रंगाकडे येऊ, कारण इथे मी सर्वात जास्त रमतो.

तैलरंग म्हणजे रंगद्रव्याची पूड आणि वाळणारं तेल, बहुधा जवसाचं. चित्रकार त्याला लिन्सीड म्हणतात. पाण्यातला रंग वाळतो म्हणजे पाणी उडून जातं. तैलरंगाचं तसं नाही. जवसाचं तेल उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि द्रवाचं घट्ट पापुद्र्यात रूपांतर होतं. वाळता वाळता रंगाचं वजन सुरुवातीला चक्क वाढतं! हे काम दिवसांच्या, आठवड्यांच्या हिशेबाने चालतं, आणि आतून पुरतं घट्ट व्हायला महिने, वर्षं लागतात. शिवाय प्रत्येक रंगाची चाल निराळी. मातकट तपकिरी अंबर लवकर वाळतो, कारण त्यातलं मँगनीज या क्रियेला वेग देतं. हाडांच्या कोळशापासून बनलेला काळा रेंगाळतो. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल कमी पडलं, तर वरचा आधी आवळतो, खालचा हलत राहतो आणि चित्राला तडे जातात. थरावर थर देऊन काम करणाऱ्याच्या डोक्यात अशी अनेक घड्याळं एकाच वेळी चालू असतात. आज लावलेल्या थरावर पुढचा थर कधी, हे रंग ठरवतो. थांबणं या माध्यमाच्या रसायनातच आहे.

गायतोंड्यांनी ब्रश बराचसा बाजूला ठेवला. त्यांची साधनं होती रोलर आणि पॅलेट नाइफ. रोलर रंग पातळ, सलग पसरवतो आणि हाताची सही पुसून टाकतो. ब्रशच्या फटकाऱ्यात चित्रकाराचं मनगट ओळखू येतं, रोलरच्या थरात ते हरवतं. नाइफने लावलेला रंग खरवडून काढता येतो. एक थर, त्यावर दुसरा, मग काही जागी दुसरा काढून पहिला उघडा. बेरीज आणि वजाबाकी आलटून पालटून. आणि त्यांची विलक्षण युक्ती फाटक्या कागदाची. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे कागद फाडून ते आकार तयार करत. त्यांना रंग लावून कॅनव्हासवर दाबायचं आणि उचलायचं, किंवा ओल्या रंगावर कागद ठेवून तिथला रंगच उचलून घ्यायचा. सत्तरच्या दशकानंतरच्या त्यांच्या कॅनव्हासवर जी लिपीसारखी, शेवाळासारखी, न वाचता येणाऱ्या शिलालेखासारखी चिन्हं तरंगताना दिसतात, त्यांच्यामागे ही युक्ती आहे.

कागद कापलेला नाही, फाडलेला; यात मोठी गंमत आहे. एखादं वर्तमानपत्र घेऊन फाडून बघा. एका दिशेने ते बऱ्यापैकी सरळ फाटत जातं, आडवं फाडायला गेलात की वेडंवाकडं पळतं. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी एका दिशेला लागतात. तंतूंच्या बरोबर फाडलं तर ते वाट देतात, आडवं गेलं तर अडवतात. म्हणजे फाटलेली कड अर्धी हाताची आणि अर्धी कागदाची असते. चित्रकाराने रेघ काढली खरी, पण ती कशी वळेल याचा काही भाग त्याने कारखान्यातल्या लगद्यावर सोपवला.

मग तो कागद ओल्या रंगावरून उचलायचा क्षण. शाळेत असताना कागदावर शाईचा थेंब टाकून, घडी घालून, पुन्हा उघडण्याचा खेळ आपण सगळ्यांनी खेळला आहे. उघडल्यावर शाईला फांद्या फुटलेल्या असतात. जाड, चिकट द्रव दोन पृष्ठभागांत अडकला आहे आणि ते पृष्ठभाग दूर होत आहेत. मधल्या जागेत हवा शिरते. हवा द्रवाहून कितीतरी पातळ, पण ती सरळ कड करून आत सरकत नाही. कडेला जिथे थोडासा खळगा पडला, तिथे ती अधिक सहज घुसते, तो खळगा आणखी खोल होतो आणि बघता बघता बोटं फुटतात, बोटांना बोटं. फिलिप सॅफमन आणि जेफ्री टेलर यांनी 1958 मध्ये याचं गणित मांडलं. झाडाच्या फांद्या, नदीची खोरी, प्रवाळ यांची आठवण करून देणारा आकार असा एका साध्या हिसक्यातून जन्माला येतो. कुणाही चित्रकाराला तो हुकमी काढता येणार नाही, आणि एकदा निघालेला जसाच्या तसा पुन्हाही काढता येणार नाही.

इथे कुणी म्हणेल, मग हा नुसता योगायोग झाला. चित्रकाराचं त्यात काय? या शंकेला फार सुंदर उत्तर दुसऱ्या एका चित्रकाराच्या हाताने दिलं आहे.

जॅक्सन पोलॉक जमिनीवर कॅनव्हास पसरून वरून रंगाची धार सोडत. लोकांना ते रंग उडवणं वाटलं. रोबेर्तो झेनित हे द्रवगतिकीचे अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 मध्ये हान्स नामुथ यांनी पोलॉकवर केलेल्या चित्रफितीतून हाताची गती आणि उंची मोजली, प्रयोगशाळेत तशी धार सोडून पाहिली आणि 2019 मध्ये निष्कर्ष मांडला. मधासारख्या दाट द्रवाची धार वरून सोडली की ती खाली पडताना वेटोळी घालते. पण धार सोडणारा हात पुरेशा वेगाने आणि योग्य उंचीवरून सरकत असेल, तर वेटोळी न पडता सलग रेघ उमटते. पोलॉकचा हात जवळजवळ नेमाने या दुसऱ्या बाजूला राहत होता. त्यांनी समीकरण सोडवलेलं नव्हतं. रंगाचा दाटपणा, काठीची जाडी, खांद्याची फेक यांची सांगड त्यांच्या शरीराने घातली होती. 1936 मध्ये न्यूयॉर्कला मेक्सिकन चित्रकार सिकेरोस यांच्या कार्यशाळेत ते होते. तिथे रंगावर रंग ओतून, आपोआप उमटणारे आकार कसे येतात याचे प्रयोग चालत. त्याच झेनित यांनी सिकेरोसच्या त्या आकारांचाही शोध घेतला: वर जड रंग, खाली हलका; जड रंग खाली बुडू लागतो, हलका वर येतो आणि पेशींसारखी जाळी उमटते.

मला हे कळलं तेव्हा हर्ष झाला. हाताला भौतिकशास्त्र कळतं! शब्दांत नाही, आकड्यांत नाही, पण कळतं. गायतोंड्यांना आपला रोलर किती दाबला की थर किती पातळ होईल, कागद कधी उचलला की रंग ओढला जाईल आणि कधी नुसता डाग पडेल, हे असंच कळत असणार. योगायोगाला दार उघडं ठेवायचं, पण ते किती उघडायचं, हे वर्षानुवर्षांच्या स्पर्शाने ठरलेलं.

दार उघडलं, काहीतरी आत आलं. आता ते ठेवायचं की नाही?

सगळं कौशल्य इथे एकवटतं, असं माझं मत आहे. व्हँकुवरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून, खास पाटीवर पुस्तकाच्या मुखपृष्ठाची कल्पना रेखाटायला सांगितलं. थोडा वेळ काढायचं, मग थोडा वेळ फक्त आपण काढलेलं पारखायचं, पुन्हा काढायचं. काढताना स्मृतीशी निगडित असलेला मेंदूचा आतला भाग विशेष जागा झाला. पारखताना झालं ते अनपेक्षित. लक्षपूर्वक हिशेब करणारं जाळं आणि मन मोकळं भटकतं तेव्हा चालणारं जाळं, ही दोन्ही एकदम कामाला लागली. एरवी ही दोन बहुधा एकमेकांना वाट देतात. एक वर चढलं की दुसरं उतरतं. स्वतःच्या चित्राकडे बघणारा माणूस मात्र कठोर परीक्षकही असतो आणि स्वप्नात हरवलेलाही, एकाच क्षणी. गायतोंड्यांच्या त्या लांबलचक बघत बसण्याकडे मी आता याच नजरेने पाहतो.

ही पारख चुकली तर काय होतं, तेही कॅमेऱ्याने टिपलेलं आहे. आंरी-जॉर्ज क्लूझो यांनी 1956 मध्ये पिकासोवर केलेल्या चित्रपटात शाई कागदाच्या पलीकडे झिरपते आणि आपल्याला हात न दिसता चित्र वाढताना दिसतं. फुलांचा मासा होतो, माशाचा कोंबडा होतो, कोंबड्यातून चेहरा निघतो. मधली कितीतरी रूपं पाहताना वाटतं, आता थांबा, हेच सुंदर आहे. पिकासो थांबत नाहीत. त्यांची अंतःप्रेरणा पुढे पुढे धावणारी होती. गायतोंड्यांची थांबून ऐकणारी. दोघांच्याही कामाला आपण एकच शब्द वापरतो, पण स्वभाव किती निराळे!

गायतोंडे बोलले फार कमी. ही प्रक्रिया आतून कशी असते हे मराठीत ज्याने नोंदवून ठेवलं, तो चित्रकार म्हणजे प्रभाकर बरवे. 1936 मध्ये अलिबागजवळच्या नागावला जन्म, जे. जे. मध्ये शिक्षण, मग वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमधली नोकरी, त्यानिमित्ताने बनारसचा मुक्काम आणि तांत्रिक चित्रांशी झालेली गाठ. त्यांच्या कॅनव्हासवर गायतोंड्यांसारखा रिता विस्तार नाही. तिथे पान आहे, घड्याळ आहे, फळ आहे. ओळखीच्या वस्तू, पण ओळखीच्या जागेवरून उचलून कोऱ्या अवकाशात सोडलेल्या, आणि रंग बहुधा एनॅमलचा. बरवे रोजनिशी लिहीत. एखादा आकार मनात आला की त्याचं छोटं रेखाटन, शेजारी टिपण: हे असं का आलं, याच्या शेजारी काय आलं तर दोघांत ओढ निर्माण होईल. या वह्यांतल्या काही 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातल्या त्यांच्या मोठ्या प्रदर्शनात मांडल्या होत्या. आणि 1990 मध्ये मौज प्रकाशनाने काढलेलं त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक तर, माझ्या मते, चित्रकाराच्या मनाबद्दल मराठीत झालेलं सर्वात प्रामाणिक लेखन आहे. कोऱ्या पृष्ठभागापुढे बसलेल्या माणसाला काय दिसतं आणि काय दिसत नाही, याबद्दल इतक्या सरळ भाषेत, इतक्या धीराने फार कमी चित्रकारांनी लिहिलं असेल. कलाशाळेत जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हाती ते पडावं असं मला मनापासून वाटतं.

बरव्यांच्या वह्या बघितल्या की गायतोंड्यांची न लिहिलेली वही कशी असेल याचा तर्क करावासा वाटतो. 1984 मध्ये दिल्लीत रस्त्यावर अपघात झाला आणि मोठ्या कॅनव्हासपुढे उभं राहणं त्यांच्या शरीराला झेपेना. 1985 ते 1987 या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान लहान कामं केली. रोलर नाही, थरांचं वाळणं नाही, खरवडणं नाही. फक्त काळी शाई आणि पांढरा कागद. तरी ती चिन्हं तीच वाटतात, तेच अर्ध्यात सुटलेले शिलालेख. त्यानंतरच्या वर्षांत कुणी विचारलं तर, चित्रं मनात चालूच आहेत, अशा अर्थाचं ते सांगत. ऐकणाऱ्याला ती समजूत वाटू शकेल. मला ती कामाच्या पद्धतीची अचूक नोंद वाटते. ज्याच्या चित्राचा मोठा भाग हात हलण्याआधीच होत असे, त्याचं काम हात थांबल्यावर एकदम बंद कसं पडेल? पुढे ते कॅनव्हासकडे परतलेही, आणि नव्वदच्या दशकात त्यांनी थोडी मोठी चित्रं केली. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या कामाचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याच्या शीर्षकात चित्राला ‘प्रक्रिया’ आणि ‘जीवन’ हे दोन्ही शब्द जोडले होते.

एक भाग अजून राहिला. तो आपल्या डोळ्यांत घडतो.

गायतोंड्यांच्या चित्रासमोर काही मिनिटं उभं राहिलेले लोक सांगतात की चित्र आतून उजळल्यासारखं वाटतं आणि आकार दिसतात, विरतात, पुन्हा वर येतात. उजळण्यामागे थर आहेत. पातळ, पारदर्शक रंगातून प्रकाश आत शिरतो, खालच्या फिकट थरावर आदळून परततो आणि परतताना पुन्हा त्याच रंगातून गाळला जातो. दोनदा गाळलेला हा प्रकाश वरवरच्या जाड रंगावरून उडालेल्या प्रकाशाहून खोल दिसतो. तैलरंग जुना होत जाताना आणखी पारदर्शकही होतो. म्हणून तर शतकांपूर्वीच्या काही तैलचित्रांत चित्रकाराने झाकून टाकलेला हात किंवा चेहरा आज वर डोकावू लागला आहे.

विरण्यामागे बहुधा आपला मेंदू आहे. 1804 मध्ये इग्नाझ ट्रॉक्सलर या स्विस डॉक्टरला आढळलं की एका जागी नजर रोखून धरली की आजूबाजूच्या अस्पष्ट कडांचे, फिक्या फरकाचे आकार हळूहळू नाहीसे होतात. नजर जरा हलली की परत येतात. न बदलणारी गोष्ट मज्जासंस्था सोडून देते. गायतोंड्यांच्या चित्रांत नेमक्या अशाच कडा आहेत, आणि जवळपास सारख्या उजेडाचे रंग शेजारी शेजारी. म्हणून माझा अंदाज असा की ती चित्रं थांबून बघणाऱ्याच्या डोळ्याला अक्षरशः हलताना दिसत असावीत. घाईने पुढे जाणाऱ्याला हे दिसणार नाही. त्याला एक पिवळा किंवा करडा उभा आयत दिसेल, खाली नाव नाही, कारण त्यांनी बहुतेक चित्रांना नावं दिली नाहीत, आणि सहीसुद्धा बहुधा कॅनव्हासच्या पाठीमागे.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे त्यांची चित्रं आहेत. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या संग्रहातही आहेत. होमी भाभांनी तो संग्रह उभा करताना तरुण चित्रकारांची कामं आवर्जून विकत घेतली होती. कधी एखाद्या चित्रासमोर उभं राहायला मिळालं, तर आधी मधोमध एका जागी नजर लावा आणि ती तिथेच राहू द्या. कडेचं काहीतरी पुसट होऊ लागेल. मग डोळा हलवा आणि काय परत येतं ते पाहा. आणि मग जवळ जाऊन, तिरक्या उजेडात, कागद उचलला गेला तिथे रंगाला फुटलेली ती बारीक बोटं शोधा.